धुतलेला गिलास

६ जानेवारी, मंगळवार

मालक म्हनते, "दोन माठ मी नाही ठेवले. बायाईनंच ठेवले. इचारा त्याईले!" वा रे वा! लोहाऱ्याच्या या जिनिंगात एक माठ तांड्यावरच्या बायाईचा, दुसरा आमच्या बौद्धवस्तीचा. खराब कापूस वेचाची ती धुळीची खोलीही आमच्याच वाट्याले. कामावरच्या बायाईच्या संघटनेची अध्यक्ष मी, म्हनून ताडकन बोलली— सोमवारी साऱ्या एकाच माठातून पानी पितीन. मंग दुसरा काढा, अन् धुळीचं काम साऱ्यायले पाळीपाळीनं द्या!

बोलून तं बसली.

८ जानेवारी

सारं रामीबाईच्या हातात. तांड्यावरच्या बाया तिचंच आयकते. ती प्याली तं पितीन, नाही तं संघटना मोडलीच.

काल तिच्या घरी गेलती. ओसरीत बसवलं, साऱ्यायसारखाच स्टीलच्या गिलासात चहा देल्ला. बोलनंही चांगलं झालं. चहा झाला, मी उठली, गिलास धुतला अन् बाहेरच्या भिंतीवर उपडा घातला. लहानपनापासूनची सवय— दुसऱ्याच्या घरी आईनं तसंच कराले लावलं. ध्यानातही आलं नाही!

रामीबाईचं तोंड उतरलं. "काहून धुतला?" मंग ती दारापर्यंतही नाही आली.

९ जानेवारी

उर्वशी म्हने, "आई, दुनियेले भाषन देते अन् सोता गिलास धुते!" पोरगी खरं बोलली. म्हनूनच लय झोंबलं.

१० जानेवारी

रामीबाई तोंड फिरवून काम करून राह्यली. सुपरवायझर दोनदा तिच्याजवळ कुजबुजला. काय भरवून राह्यला तो तिच्या कानात?

मी जाऊन म्हनलं, "चुकलं माहं, बाई."

"तुह्या मनात आम्ही तसेच ना? मंग एक माठ कायले पायजे तुले?"

ती येनारच नाही आता.

११ जानेवारी

कोनं सांगतलं होतं मले बोलाले!

१२ जानेवारी, सोमवार

मालक खुर्ची टाकून पाहत बसला. मी आमच्या माठाजवळ उभी. कोनीच हालेना.

मंग रामीबाई आली. तरातरा! आमच्या माठात गिलास बुडवला, वरून नाही— तोंड लावून अर्धा प्याली, उरलेला माह्या हातात देल्ला. मी प्याली. अन् हात गेलाच बादलीकडे, धुवाले! तिनं गिलास हिसकला.

"धू नको वो, बाई!"

तोच उष्टा गिलास भरून तिनं मागच्या बाईले देल्ला. मंग तिच्या मागच्या बाईले. साऱ्या प्याल्या. मी सगळ्यायसमोर रडली. रडली तं रडली!

१३ जानेवारी

रामीबाईले कामावरून काढलं. मले नाही, तिले! आम्ही दोन्हीकडच्या साऱ्या तिच्याजवळ गेटाबाहेर बसून आहो. आत मालकानं दोन्ही माठ भरून ठेवले म्हनते. पानी प्याले आत कोनी नाही.