कार्डाच्या दोन वायरी

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार. सकाळ.
इतक्या उशिरा लिहायला बसलो याची माफी. शेवटची नोंद ३ जुलैची आहे. मध्ये पेन संपलं. नवं आणलं ते मुलाने, महेश्वरने, दुकानात नेलं. मग डोळ्यांत थेंब घालणं चालू होतं. खरं म्हणजे लिहावं असं या शहरात काही घडत नाही. धूळ तेवढी उडते.

आज मात्र घडलं आहे. नातीला नोकरी लागली. दानेश्वरी, महेश्वरची थोरली. कंपनी पुण्याची, हुद्दा एक्सायटेशन इंजिनिअर. पेढे वाटले. बोळातल्या प्रत्येकाने पेढा तोंडात टाकून विचारलं, म्हणजे कॉम्प्युटरच ना. शिसारी आली. पेढाही शिळा होता.

या घरात एक्सायटेशन म्हणजे काय हे जाणणारा मी एकटा. मिलच्या पॉवरहाऊसमध्ये एकतीस वर्षं एक्सायटरपाशी काढली. जनरेटर नुसता फिरवून वीज येत नाही. त्याच्या पोटातल्या चुंबकाला आधी थोडा करंट पाजावा लागतो आणि तो कमी-जास्त करून व्होल्ट धरून ठेवावे लागतात. तेच एक्सायटेशन. महेश्वरने विचारलं म्हणून सांगायला बसलो. पाऊण तासाने म्हणाला, "आप्पा, गिऱ्हाईक थांबलंय," आणि नवी पेठेत निघून गेला. त्याचं दुकान दहाला उघडतं. तेव्हा आठ वाजले होते.

संकल्प: पोरीला या लाईनमध्ये मीच उभी करणार. तिने विचारावं, मी सांगावं. शिवाय चहा दिवसातून दोनदाच.

१९ नोव्हेंबर.
दोनशे पानी वही आणली. पहिल्या पानावर लिहिलं, 'एक्सायटेशनमधील करिअर. अनुभवी मार्गदर्शन. ईरप्पा हत्तरकी, माजी एक्सायटेशन इन्चार्ज.' गुरम्माने चष्मा लावून वाचलं. म्हणाली, इन्चार्ज अकरा दिवस होता, सुपरवायझरला कावीळ झाली तेव्हा.
अकरा दिवस तर अकरा दिवस. बायकोने नवऱ्याचे दिवस मोजत बसावं याचा वीट येतो.
प्रकरण पहिलं: कान. मशीनच्या आवाजावरून व्होल्ट सांगता आले पाहिजेत. दीड पान झालं. मग गुडघा धरला. चहा चार. पाहुणे आले होते.

२४ नोव्हेंबर.
दानेश्वरी सांगलीहून हॉस्टेलचं सामान घेऊन आली. हात-पाय धुवायच्या आधीच परीक्षा घेतली. विचारलं, फिरत्या तांब्यावर कोळशाचे ब्रश टेकतात तिथे कोणत्या रंगाची ठिणगी चांगली. म्हणाली, "अज्जा, आता ठिणगी पडतच नाही. ब्रशच नसतात." मग पुसता काय, असं विचारलं. पुसत नाहीत म्हणे. लॅपटॉप जोडून सेटिंग करतात.
जनरेटरला लॅपटॉप. याच लॅपटॉपवर ती मागच्या दिवाळीत गाणी लावत होती.

या लाईनमध्ये बढती कशी मिळते तेही सांगितलं. साहेब यायच्या आधी पितळ घासून ठेवायचं. ती हसली. हसण्यासारखं काय होतं कळलं नाही. साखर कारखाने, धरणं, जिथे जनरेटर तिथे जावं लागेल म्हणाली. मुलीच्या जातीने असं गावोगाव फिरायचं का, एवढंच मी म्हणालो. गुरम्मा म्हणाली, "फिरू दे की. तुम्ही एकतीस वर्षं एका स्टुलावर बसलात, काय मिळालं? मूळव्याध."

३ डिसेंबर, मंगळवार.
बोळाच्या तोंडाशी मंगल कार्यालय आहे, तिथला मॅनेजर मल्लप्पा आला. डिझेल जनरेटरचं इंजिन पळतंय पण लाईट येत नाही. परवा गुरुवारी लग्न, वऱ्हाड अक्कलकोटचं. दारातूनच म्हणाला, "दानेश्वरी हाय का घरात?" मी म्हटलं, काम काय ते मला सांग. आत डोकावून म्हणाला, "व्हय, तुमी बी बघा की."
बोलावणं आलं म्हणून गेलो. एका नजरेत रोग ओळखला. मशीन आठ महिने पडून होतं. पडून राहिलं की पोटातल्या चुंबकाची उरलीसुरली ताकद जाते. त्या चुंबकाकडे जाणाऱ्या, फील्डच्या वायरीला दहा सेकंद बॅटरी लावायची, उठून बसतं. मिलमध्ये असंच करायचे. मी स्वतः दोनदा पाहिलं आहे.

घरी येऊन सांगितलं. दानेश्वरी म्हणाली, "अज्जा, अगदी बरोबर ओळखलंत." हे इथे लिहून ठेवतो. पुढे म्हणाली, मशीनवर व्होल्ट सांभाळणारं कार्ड असतं, आधी त्याच्या दोन वायरी काढायच्या, बॅटरीचा झटका त्याला सोसत नाही. आणि प्लस-मायनस बघायचं. "सकाळी मी येते. मी आल्याशिवाय हात लावू नका."
तिची उद्या संध्याकाळची गाडी आहे. परवा दहाला पुण्यात हजर व्हायचं आहे. तिने बॅग भरावी. प्लस-मायनस मला शिकवू नये.

४ डिसेंबर, सकाळ ७.
मिलचा खाकी शर्ट पेटीतून काढला. पोटावर बटण लागत नाही. कापड आटलं असावं. दानेश्वरी आंघोळीला गेली आहे. थांबायचं कारण नाही. चाललो.

त्याच दिवशी, दुपार.
नोंद राहावी म्हणून लिहितो. ट्रॅक्टरची बॅटरी आणवली. लावली. फट् झालं आणि जळका वास सुटला. कार्ड काळं पडलं.
कारण: कार्ड मुळातच कच्चं होतं. एवढ्या नाजूक वस्तूला मशिनरी म्हणणं हाच विनोद आहे. मिलमध्ये व्होल्ट धरायचं चाक परातीएवढं होतं, लाथ मारली तरी हलत नसे. मल्लप्पा नाकाला रुमाल लावून म्हणाला, "उद्या लगीन हाय, अज्जा." जसं काही मला पत्रिका नव्हती.
दानेश्वरी येईपर्यंत कार्डाच्या दोन्ही वायरी काढून बाजूला ठेवल्या. नीटनेटकं दिसावं म्हणून.
ती ओल्या केसांनीच धावत आली. रागावली नाही. एवढंच विचारलं, "बॅटरी लावायच्या आधी वायरी काढल्या होत्या ना?" मी हो म्हणालो. गडबडीत माणूस हो म्हणतो.

५ डिसेंबर, गुरुवार.
वायरी काढलेल्या असताना कार्ड जळलंच कसं, हे तिला सुटेना. मशीनमध्येच दुसरा दोष असणार म्हणून काल ती तीन तास एकेक वायर तपासत बसली. मी दोनदा म्हटलं, सोड, जळलं ते जळलं. ऐकेना. म्हणाली, कारण सापडल्याशिवाय नवं कार्ड लावलं तर तेही जळेल. मग अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून कार्ड आणलं, ते मिळेपर्यंत संध्याकाळ झाली. बसवलं, वायरी काढून बॅटरी लावली, वायरी जोडल्या, साडेसातला लाईट आली. तिची गाडी त्याच्या आधीच गेली होती. आज पहाटेच्या एसटीने गेली. पुण्याला साडेबाराला पोचली. दहाची वेळ होती. साहेबाने तासभर बाहेर बसवलं म्हणे. अशा कंपन्यांची किळस येते.

इकडे ऐन अक्षतांच्या वेळी लाईट गेली आणि जनरेटरने झेलली. मग मल्लप्पाने माईकवर मला बोलावलं. शाल, नारळ. म्हणाला, आमच्या बोळातले जुने एक्सायटेशनचे माणूस. शब्द नीट उच्चारला. अक्कलकोटकरांनी टाळ्या वाजवल्या. मी शाल घेतली. भर लग्नात नको म्हटलं असतं तर त्याचा अपमान झाला असता.
शाल अंगाला टोचते. पांघरून बसलो आहे.

१५ डिसेंबर.
दानेश्वरीचा मला फोन नाही. आजीला येतो, बापाला येतो. संकल्प: आपण होऊन करायचा नाही. तीनदा केला. तिन्ही वेळा म्हणाली, "अज्जा, कामात आहे, नंतर बोलते." नंतर म्हणजे कधी, याला त्यांच्या लॅपटॉपमध्ये सेटिंग नसावं.
वहीत दुसऱ्या प्रकरणाचं शीर्षक लिहिलं. 'आपली चूक साहेबाला कशी सांगावी.' खाली काही सुचलं नाही. चहा पाच.

२९ डिसेंबर.
महेश्वर जेवताना सहज बोलून गेला. दानेश्वरी आठ दिवसांपासून टेंभुर्णीकडच्या एका साखर कारखान्यावर आहे. टेंभुर्णी म्हणजे एसटीने दोन तास. मला कोणी सांगितलं नाही. विचारलं तर गुरम्मा म्हणाली, "साकु, पुरे आता, भाकरी खा." गप्प करायचं असलं की ती कानडीत येते.
नवीन पोरगी, चालू मशीन, हंगामाचे दिवस. अडली असणार. संकोचाने विचारत नसेल. परवा जातो.

३१ डिसेंबर, संध्याकाळ.
जाऊन आलो. एसटीत शेजारच्याने सगळी वाट संत्री खाल्ली आणि साली माझ्या पायाशी टाकल्या. कारखान्याभोवती मळीचा असा वास, की नाक धरून चाललो.
फाटकावरच्या वॉचमनने रजिस्टर पुढे ओढून विचारलं, काय लिहू. मी म्हटलं, एक्सायटेशनचा माणूस लिही. त्याने 'नातेवाईक' लिहिलं.

दानेश्वरी आली. डोक्यावर हेल्मेट, भुवयांवर भुसा. मागे तिच्या दुप्पट वयाचे दोघे मॅडम मॅडम करत, व्होल्ट किती ठेवायचे विचारत होते. तिने चालता चालता सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. माझ्याकडून एकतीस वर्षांत कोणी काही लिहून घेतलं नाही.

कँटीनमध्ये बसलो. शेंगा चटणीचा डबा दिला, वही दिली. बूट नाहीत म्हणून मशीनपाशी नेलं नाही. फोनवर फोटो दाखवला. एक करडं कपाट. म्हणाली, हेच एक्सायटेशन. चाक कुठे आहे विचारलं. चाक नाही.
आता वायरींचं सांगून टाकावं असं मनात आलं होतं. तीच म्हणाली, "अज्जा, काही सांगायचंय का?" मी म्हटलं, इथला चहा फार पाणचट आहे. ती म्हणाली, "हो, आहे खरा." मग आतून बोलावणं आलं. वाटेत खा म्हणून बिस्किटांचा पुडा दिला.
उपमा बरा होता.

८ जानेवारी २०२५.
सकाळी मल्लप्पा भेटला. म्हटलं, शाल टोचते, पुढच्या वेळी मानाच्या माणसाला लोकरीची द्यावी. तो हसायला लागला. म्हणाला, "मी कुटं दिली? दानेश्वरीनं ठेवली की, गाडी चुकल्यावर. तिच्या बापाच्या दुकानातली हाय. म्हणली, अज्जांना स्टेजवर बोलवा. तो इंग्लिश शब्द मला येत न्हवता, चिठ्ठीवर लिहून दिला."

मी विचारलं, कशाबद्दल. तो म्हणाला, "ते मला काय माहीत. लई वेळ वायरी शोधत बसली. शेवटी कार्डाच्या दोन वायरींची टोकं उजेडात धरली, तर काजळी. म्हणली, जोडलेल्या होत्या तवाच जळालंय. मग जरा वेळ पायरीवर बसली नुसती. मी म्हटलं, अज्जांना बोलवू का चार शब्द सुनवायला? तर म्हणली, नको. आणि लाईट आल्यावर शाल आणायला गेली."

म्हणजे टोकं तिने शेवटी पाहिली. आधीचे तीन तास अख्खं मशीन तपासलं, पण माझं 'हो' तपासायचं तिच्या मनात आलं नाही.

शाल घडी करून ठेवली. थंडी आहे. महेश्वरने विचारलं, आप्पा, शाल का काढली. दुकान त्याचं, माल त्याचा, आणि विचारतो. मी म्हटलं, टोचते.
स्वतःचाच वीट आला आहे. चहा सात.
खालचा मजकूर उद्या मोबाईलवर घालायचा. गुरम्माला दाखवायचा नाही.

चि. दानेश्वरीस अनेक आशीर्वाद. फार उशिरा लिहितोय. त्या दिवशी वायरी काढल्या नव्हत्या. कार्ड जळल्यावर काढल्या. प्लस-मायनसही बघितलं नव्हतं. तुझी गाडी माझ्यामुळे चुकली. मिलमध्ये मी ब्रश पुसायचो आणि सुपरवायझर सांगेल तेवढं चाक फिरवायचो. इन्चार्ज अकरा दिवस होतो. वहीचं पहिलं पान फाडून टाक. पितळ घासायचं सांगितलं होतं तेवढं खरं आहे. ते मी चांगलं घासायचो.
संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा आहे. दोन दिवस सुट्टी मिळते का बघ. त्या कपाटात चाक नाही, मग व्होल्ट कोण धरतं, हे मला त्या दिवशी कळलं नाही. तू सांगशील तर मध्ये न बोलता ऐकेन. येणार की नाही ते लवकर कळव. आजीला नको, मला कळव.