गाडी चरात, मुराळी घरात

सौ. दगूबाईस, मुक्काम प्रकाशा,

धाकटा भाऊ भाईदास पाया पडतो. इकडे आबा बरे आहेत, माय बरी आहे, म्हैस आटली आहे पण तब्येतीनं बरी आहे. तुझं आणि दाजींचं कसं काय ते कळव. धनुबाई मावशींचा गुडघा आता कसा आहे? माय रोज विचारते. त्यांना माझा नमस्कार आधी सांग, बाकीचं मग ऐक. (दोधू दाजी, बाईला वाचता येत नाही, म्हणजे हे पत्र तुम्हीच ओट्यावर बसून वाचणार आणि तुमच्या आई समोर बसून ऐकणार, हे मला ठाऊक आहे. म्हणून जे कंसात लिहीन ते मोठ्यानं वाचू नका. ते तुमच्यापुरतं. इथं जरा खोकून घ्या, म्हणजे त्यांना वाटेल माझं अक्षर लागत नाही.)

तू म्हणत असशील, आखाजी तोंडावर आली, गल्लीतल्या पोरींनी गौराई बसवली, निंबाला झोके बांधले, आणि मला न्यायला मुराळी अजून कसा आला नाही. लग्नानंतरची तुझी पहिली आखाजी. मावशींचा निरोप आम्हाला पोचला आहे, "दारशी गाडी उभी ऱ्हायनी तरच सून धाडसू." बरोबर आहे त्यांचं. सून काय पायी धाडायची? पण बाई, आपली गाडी आपल्याच दारात अडकली आहे आणि त्याला कारण म्हणजे नळ.

तुझ्या लग्नात कमिटीचे लोक जेवायला आले होते आणि नळ येणार, नळ येणार म्हणत होते, तुला आठवत असेल. तो नळ आला. म्हणजे नळ नाही आला, आधी चर आला. होळीच्या अगोदर ठेकेदारानं सातपुड्यातली माणसं आणली आणि चौकापासून आपल्या गल्लीत चर खोदत खोदत बरोबर आपल्या खळ्याच्या दारापुढं आणला. त्या माणसांचा पुढारी गुलाबसिंग. माणूस चांगला, मला रोज बिडी देऊ करायचा, मी रोज मान हलवायचो, एवढीच आमची ओळख. दारापुढचा चर गळ्याएवढा झाला आणि त्यानं कुदळ खांद्यावर टाकली. आबा म्हणाले, अरे हे असं उघडं टाकून कुठं चालला? तर म्हणे, "होळी व्हयनी म्हंजे येसूत." त्यात त्याची काही चूक नाही, डोंगरातला माणूस होळीला घरी जाणारच. पण कमिटीला होळी कधी येते हे माहीत नसावं का? सगळी माणसं होळीच्या भोंगऱ्या बाजाराला ढोल घेऊन निघून गेली. आम्ही चराच्या अलीकडे राहिलो, आणि गाडी, बैल, खतही अलीकडेच.

आबांचा स्वभाव तुला माहीत आहे. आठ दिवस बघितलं आणि माळ्यावरच्या सागाच्या दोन फळ्या काढल्या. शेजारचे पितांबर नाना म्हणाले, "हिलाल, फळी वाकी जाई." आबा म्हणाले, "सागनी शे." मी फळीचं दुसरं टोक उचललं. (मलाही ती वाकेल असं वाटत होतं.) फळ्या चरावर टाकल्या, बैल पार झाले, पुढं आबा, मागं मी चाक ढकलतोय, आणि अर्ध्यात फळी गेली. एक चाक चरात, गाडी तिरपी, जू आभाळात. बैल सुटून थेट चौकात जाऊन उभे राहिले, जसं काही नळाला पाणी प्यायलाच आले आहेत. तिथं नळाचा नुसता खांब होता, तोंड बसायचं होतं.

आबा म्हणाले, खड्डा ज्यानं खोदला त्यानं गाडी काढायची. मी हात लावणार नाही. नानांनी दोरखंड आणला तर तो परत पाठवला.

होळी झाली, गुलाबसिंगची माणसं आली, बिडाचे पाइप आले. मग काय करावं त्यांनी? गाडी तशीच ठेवून तिच्या खालून पाइप घातला! आणि दोन पाइपांचा जोड नेमका आपल्या चाकाखाली आला. मग कमिटीच्या साहेबांनी चौकात नारळ फोडला, तोटी फिरवली, सगळे टाळ्या वाजवायला हात वर करून उभे. तोटीतून नुसतं फुर्र. आणि इकडे आपल्या दारात, चाकाखालून, असं पाणी उडालं की मायची उन्हात टाकलेली सगळी कुरडई भिजली.

तेव्हापासून बाई, आपलं दार म्हणजे पाणवठा झाला आहे. सगळ्या गल्लीच्या बाया हंडे घेऊन आपल्याकडे. चरात पाणी, गाडीच्या साट्यावर घासलेली भांडी, जुवावर लुगडी वाळत घातलेली. पितांबर नानांच्या शोभाकाकू तर चाकाच्या आऱ्याला धरूनच पाण्यात उतरतात. मला घराबाहेर पडायला जागा नाही. दिसलो की सुरू, "काय रे भाईदास, बहीणले लेवाले कव्हय जाशी?" "त्याले बोलता येस का व?" "मुका शे, बिचारा!" आणि हसतात. मी नानांच्या गोठ्याच्या भिंतीवरून उडी मारून शेतात जातो. त्यांची गाय आता मला घरातला समजते.

कमिटीचे ओव्हरशेर साहेब आले. ते म्हणाले, गाडी सरकारी चरातून काढा, मग जोड आवळू, मग चर बुजवू. आबा म्हणाले, "पहिले चर बुजाडा, मंग गाडी निघी." साहेब म्हणाले, गाडी निघाल्याशिवाय बुजवणार कसा? आबा म्हणाले, खोदताना मला विचारलं होतं का? हे असं दुपारपर्यंत. शेवटी साहेबांनी माझ्याकडे बघून विचारलं, शाळेत गेलेला दिसतोस, तू सांग बाबा, खरं कोणाचं? मी घरात गेलो. (दाजी, मास्तरांनी उभं करून कविता म्हणायला लावली तेव्हा मी शाळा सोडली. साहेबांना कुठून उत्तर देऊ?)

आणि साहेब जबरदस्तीनं चर बुजवायला निघाले तर बायाच आडव्या आल्या. आखाजीला पितरांची घागर भरायची, ती काय विहिरीच्या गाळानं भरायची? "सण व्हऊ द्या, मंग बुजा!" साहेब सायकलवर बसून गेले.

तेव्हा मावशींना सांग, मुराळी यायला तयार आहे, त्याचा काही दोष नाही. गाडी चरात आहे.

तुझा,
भाईदास

ता. क. पत्र टाकायच्या आतच गाडी निघाली. मायनं शोभाकाकूंना सांगितलं की गाडीवाचून दगूची पहिली आखाजी जाते. काकूंनी पदर खोचला. "दगू नही उनी ते आखाजी कसानी? लावा व हात!" सगळ्या बायांनी धरून एका हिसक्यात गाडी वर, चराच्या पलीकडे. आबा बघत राहिले. पण चाक उठलं तसा जोड बसला, चरातलं पाणी बंद आणि चौकातल्या तोटीला पाणी सुरू! साहेबांनी तिकडे हार घालून घेतला. इकडे बाया हंडे घेऊन आबांपुढं उभ्या, गाडी परत टाका म्हणून. आबांनी माझ्या हातात कासरा दिला आणि म्हणाले, "हाक बैल. पळ!"

ता. क. दुसरा. (हे पेन्सिलीनं, दऊत घरी राहिली.) कोरीटला आपल्या मावशीकडे, मायच्या बहिणीकडे, मुक्काम केला. तिला सांगितलं की तिथं जाऊन काय बोलायचं ते मला जमणार नाही. ती म्हणाली, "जांभई देवाले उघाडस ना तोंड? तसंच उघाडानं." रात्रभर तेच केलं. जांभयाच आल्या.

ता. क. तिसरा. दाजी, आता मान वर करून बघा. मावशींची अट होती तशी गाडी दारात उभी आहे. हे पत्र दारातूनच एका पोराच्या हाती तुमच्याकडे धाडतो आहे. ओट्यावर तुमच्या आई आणि अजून चार बाया बसलेल्या दिसल्या, म्हणून मी गाडीखाली आहे. कोणी विचारलं तर कण्याला वंगण लावतो म्हणून सांगा. मुराळ्यानं हात जोडून एक वाक्य बोलायचं असतं. येताना पूर्ण रस्ता मी ते बैलांना म्हणून दाखवलं, त्यांच्यापुढं नीट येतं. तुमच्या आईंपुढं येणार नाही. म्हणून लिहून देतो. त्याला कंस नाही, हे मोठ्यानं वाचा, गाडीखाली मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं:

मावशी, मन्ही बहीणले आखाजीले धाडा.