विहिरीतलं शिसं

७ फेब्रुवारी १९८३
पोचलो बुवा एकदाचा! देगलूरपासून चाकूरपर्यंत एसटीने हाडं खिळखिळी केली, पण शेताचे मालक अमृतरावांनी गुळाचा चहा पाजला आणि शिणवटा गेला. काम राखणीचं. या दुष्काळात आसपास फक्त त्यांचीच ज्वारी उभी आहे, रानातली सगळी डुकरं तिच्यावर टपलेली. बंदूक ठासणीची, नळीच्या तोंडातून दारू-गोळी भरायची. लातूर जिल्हा नवा झाला तरी परवान्यावर शिक्का अजून उस्मानाबादचाच! शेतातली खोली ऐसपैस आहे. लवकरच सिंधुला आणणार. लग्न झालं, पण संसार असा अजून मांडलाच नाही.

११ फेब्रुवारी
गोळ्या संपल्या होत्या. कोरड्या विहिरीत उतरलो तर गाळात शिशाचा मुठीएवढा गोळा सापडला. लॉटरीच लागली! आमच्याकडे मारलेल्या डुकराच्या अंगातलं शिसंही काढून पुन्हा वितळवतात. चुलीवर लोखंडी पळी तापवली, मेणाचा तुकडा टाकून वरची मळी काढली, साचा गरम करून ओतलं. पहिल्या गोळ्या सुरकुतल्या, नंतरच्या चकचकीत निघाल्या. सिंधु असती तर म्हणाली असती, भाकरी फुगली तरी मी एवढी मिरवत नाही.

१४ फेब्रुवारी
डुक्कर अगदी समोर होतं. नेम चुकायचा नव्हता. गोळी बाजूच्या बुजगावण्याला लागली, छातीत. अमृतराव पोट धरून हसले. मीही हसलो.

१७ फेब्रुवारी
आजही डुक्कर सुटलं. परत आलो तर दोरीवर वाळत घातलेल्या सदऱ्याला छातीवर भोक. गोळी झाडली तेव्हा दोरी माझ्या पाठीमागे होती. अमृतरावांना सांगितलं नाही.

१९ फेब्रुवारी
शेजारच्या नागुबाई काटक्या न्यायला आल्या. चुलीजवळची मळी पाहून शिसं कुठलं म्हणाल्या. मी विहिरीचं सांगितलं, तशा मागेच सरकल्या. "मान्साच्या अंगातून काढल्यालं हाय त्ये. आमच्याकडं तसलं तापवत न्हाईत, हिरीत टाकतेत. तापलं की त्येला पुन्हा माणूसच लागतंय." गावात हे सर्वांना ठाऊक, म्हणून मला कुणी सांगितलंच नाही. उरलेल्या गोळ्या लांब नेऊन पुरल्या. एक मात्र बंदुकीत ठासलेली आहे.

२० फेब्रुवारी
ठासलेली बंदूक झाडल्याशिवाय रिकामी होत नाही. झाडली तर कुणाला लागेल? अमृतराव निरोप घेऊन आले, सिंधु परवा येते आहे. येऊ नको म्हणून उलट निरोप पाठवायला सांगितलं. म्हणाले, ती निघालीसुद्धा, वाटेत मुक्काम करून येते आहे.

२१ फेब्रुवारी
प्यायचं सगळं पाणी बंदुकीच्या नळीत ओतलं. दारू भिजायला हवी होती. नळीतून वाफ आली. दारू पेटवणारी टोपी काढून फेकली— पाहिलं तर घोड्याखाली पुन्हा बसलेली. मला भीती वाटते. फार भीती वाटते.

२२ फेब्रुवारी, दुपार
बंदूक पुरली. वर धोंडे रचले. हात धुवायला पाणी नाही. वळलो तर—

दारात बंदूक. चौकटीला टेकून. तोंड वाटेकडे.

वाटेवर सिंधु. डोक्यावर पेटी. ओरडलो, माघारी फिर. तिला चेष्टा वाटते, हसते आहे.

बंदूक हलत नाही. दोन्ही हातांनी ओढली— चटके. नळीला पाठ लावून बसलो आहे. तिच्या आणि नळीच्या मधे. वही तिला मिळेल म्हणून लिहितो. सिंधु, तू रागावली असशील. मला तू हवी होतीस गं, फार—

पळत येते आहे. नको. बाजूला—

घोडा आपोआप मागे गेला. सिंधु, तिथंच थां