दुकानातली ग्रिप मी का सोलली

ठमाबाई,

यावर कुणाचाच विश्वास बसणार नाही, पण आज सकाळी तुझ्या गोल्फच्या काठीला मी नुसत्या हवेने नवी ग्रिप बसवली. टेप नाही, गोंद नाही. ग्रिपचं तोंड दांड्याच्या टोकावर टेकवलं, वरच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली, रबर बेडकासारखं फुगलं आणि ग्रिप आपली आपण सरसर चढली. हवा बंद करताच अशी आवळून बसली, की दोन हमालांनी दोन बाजूंनी ओढली तरी तसूभर हलली नाही.

तू मात्र माझ्या पाठीमागे काठी दुकानात नेलीस, टेप-गोंद लावून तिथली ग्रिप बसवून आणलीस आणि कपाटामागे टॉवेलात गुंडाळून ठेवलीस. अगं, आजोबाची ग्रिप नको होती तर तोंडावर सांगायचं! पाच वर्षांची होतीस तेव्हापासून तुझ्या काठ्या मीच बघतोय, आणि नेमका आज निवडीचा सामना, तर मी परका? फार लागलं मनाला. त्या रागात दुकानातली ग्रिप मी टराटरा सोलून काढली.

काठी घरात शोधू नकोस, माझ्याबरोबर आहे. तू जेवून तयार राहा, तीनच्या आत आणून देतो. माझ्या ग्रिपवर डोळे मिटून खेळ.

तुझी आजी मागे उभी राहून हे वाचतेय आणि मोठ्याने म्हणतेय, “अहो, पहिल्याच फटक्याला ग्रिप तुमच्या हातात राहिली आणि काठी शेजाऱ्यांच्या गच्चीवर जाऊन पडली, ते कोण लिहिणार?”