काचेमागचा बिरोबा

॥ बिरोबा प्रसन्न ॥

वरकुटे, २३ नोव्हेंबर १९९७

चिरंजीव सिद्धूस ताईचे आशीर्वाद.

इकडं सगळे हिंडूनफिरून आहेत. खुशाल आहेत असं लिहायला हात धजत नाही, म्हणून एवढंच.

तुझं पत्र दिवाळीआधीच मिळालं. उत्तर नाही म्हणून तू भवानीनगरला, कारखान्यात ह्यांना फोन केलास आणि ह्यांनी "सारजा लिहील" म्हणून ठेवून दिला. अवघड कामं कायम माझ्याच गळ्यात. असो. छकुलीला कांजिण्या येऊन गेल्या, आता बरी आहे. मी महिनाभर माहेरीच आहे, आबांजवळ. बिरूतात्यांनी उरलीसुरली मेंढरं विकली. मेंढरं बसायची तिथं आता ट्रॅक्टर उभा असतो, आणि तात्या सवयीनं रात्री उठून त्याच्याकडं बघून येतात. हसू येतं आणि येतही नाही.

पण हे तू विचारलंच नव्हतंस. तू विचारलंस, देव घरी आला का. नाही आला.

सिद्धू, तुझे कष्ट मला ठाऊक आहेत. लंडनला म्युझियमचं शिकायला गेलास, आणि तिथल्या एका जाड पुस्तकात आपला बिरोबाचा मुखवटा तुला सापडला. आबांच्या आजोबांच्या डोळ्यांदेखत गोऱ्या साहेबानं पाटावरून उचलून नेलेला, आणि इतकी वर्षं मुंबईच्या म्युझियममध्ये पडलेला. फोटोखाली काय, तर 'लोकनाट्यातील राक्षस, पितळ, नाक खराब'. तू पत्रात त्यावर चेष्टा केली होतीस. मला काही हसता आलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या भंडारा लावून झिजलेलं नाक ते, म्हणे खराब. मेल्यांनो, तुमचं नाक कुणी इतक्या मायेनं चोळलंय का?

तू अर्ज केलेस, भांडलास, आणि शेवटी त्यांनी कळवलं की घरच्या जाणत्या माणसानं येऊन ओळखावं, सही करावी, मुखवटा घेऊन जावा. आबांनी नुसतं हो म्हणायचं होतं.

भिगवणहून गाडीनं मुंबईला गेलो. आबांनी म्युझियमच्या दारातच वहाणा काढल्या. पहारेकरी घाला म्हणाला, पण ऐकतील तर आबा कसले. सई नावाची एक मुलगी तिथं कामाला आहे. चांगली आहे बिचारी, तिनं आबांना हाताला धरून नेलं. लाकडी बाहुल्या आणि वाघाचं तोंड ह्यांच्या मधे आपला देव. उजव्या मिशीला टवका, अगदी आबांची आजी सांगायची तस्सा. आबांनी बघितलं आणि त्यांचे ओठ हलायला लागले. छकुलीची शपथ, त्यांनी त्याच क्षणी ओळखलं.

सईनं कागद पुढं केला. आबांनी ओल्या फडक्याची पुरचुंडी सोडली, आत फुलांच्या कळ्या. काच उघडा म्हणाले. देवाच्या दोन्ही गालांना कळ्या लावायच्या, घरी येतोस का विचारायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. सई वरच्या साहेबांना विचारून आली ती मान खाली घालून. ओलं फूल, हळद, काहीच लावता येणार नाही. घरी नेल्यावर काय हवं ते करा.

मला तर ते पटलं, बाबा. मीही म्हणाले, आबा, सही करा, कौल घरी लावू. तर सगळ्यांसमोर म्हणाले, "देव पाटावरनं हालवायचा तर आदी त्याला इचारत्यात. सायबानं इचारलं न्हाय. आता मीबी न इचारता उचलला, तर त्याच्यात आन माझ्यात फरक काय ऱ्हायला?"

मी चिडले, हातापाया पडले, पण व्यर्थ. बंद व्हायची वेळ झाली. सही नाही, म्हणून कागदावर सईला लिहावं लागलं, ओळख पटली नाही. तुला तिकडून तेवढंच कळलं असणार, आणि तू आबांना म्हातारचळ लागला असं म्हणाला असशील. मीही म्हणाले. भिगवण येईपर्यंत त्यांच्याशी शब्द बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून आबा माळावरच्या बिरोबाला गेले. दगडाच्या देवाला कळ्या लावल्या आणि विचारलं, म्हमईचा देव आमच्या घरी यायला राजी हाय का? मी मागं उभी होते. मनात म्हणत होते, डावी पडू दे, म्हणजे एकदाचे सुटलो.

उजवी पडली. विचारून तोंड मिटतंय तोवर.

मी तशीच एसटीनं इंदापूरला गेले आणि बूथवरून सईला फोन लावला. ती रडवेली झाली. प्रकरण बंद झालंय म्हणाली. आणि मुखवटा पेटीत भरून झालाय. परदेशात मुखवट्यांचं प्रदर्शन आहे, तीन वर्षं देशोदेशी फिरणार. सुरुवात तुझ्या लंडनातून, जानेवारीत. खालची पाटी तीच, राक्षस. आबांचं वय तुला माहीत आहे. मी फोनवरचं सांगितलं तेव्हा ते "बरं" म्हणाले, बस्स.

तेव्हापासून रिकाम्या पाटापुढं ते दिवा लावत नाहीत. मी लावते, तर पाठ फिरवून बसतात. कुठल्या तोंडानं बघू म्हणतात. त्यांना एकच खातंय. देवाला वाटलं असेल, घरचा म्हातारा एवढ्या लांब आला, बघितलं, आणि आपला न्हवं म्हणून निघून गेला. मी म्हटलं, आबा, देवाला सगळं कळतं. तर म्हणाले, "कळत आसंल. पण आपून सांगाया नगं?"

म्हणून लिहिते. पुन्हा अर्ज करू नकोस, त्यात आता काही राम नाही, आणि आबांना दुसरी खेप झेपणार नाही. तू फक्त त्या प्रदर्शनाला जा. दारात बूट काढ, कुणी हसलं तर हसू दे. काचेला हात लावू देणार नाहीत, तर लांबूनच सांग. देवा, आबांनी तुला ओळखलं होतं. कौल उजवा पडला. आम्ही विचारलं, पण तोवर तुला पेटीत घातलं होतं.

रिकाम्या पाटापुढं दिवा लावणारी,
तुझी ताई
सारजा