भेगा आणि बेग

राजाजीनगर, बंगळूर
डिसेंबर १९५८

ती. सौ. आईस शालनचा गारठलेला नमस्कार.

आम्ही मजेत आहोत. टाचा तेवढ्या फुटल्या आणि तू दिलेलं कोकमतेल संपलं. दुकानात औषध मागताना मी "भेगा, भेगा!" म्हणत राहिले. दुकानदाराने बाकीची गिऱ्हाइकं सोडून धावतपळत विचारलं, काय हवं? शेजारच्या कावेरीअक्का सोबत होत्या, त्या पोट धरून हसल्या. अगं, कानडीत 'बेग' म्हणजे लवकर, 'बेग बा' म्हणजे लवकर ये!

मग त्यांनीच खोबरेल तेलात मेण वितळवून दिलं. कोमट पाण्याने पाय धुऊन रोज लावते. टाचा अगदी मऊ झाल्यात.

तुझ्या टाचांना तेल कोण चोळतं गं? तू स्वतः लावत नसणारच. इकडे ये, मी चोळीन.

आई, बेग बा!

तुझी,
शालन