जिवंत बाईचे पान

प्रिय क्रिसांतो,

तुझी लेक ब्रिजिट आमच्याकडे येणार म्हणून तू मला सविस्तर सूचना दिल्या होत्यास. त्यांचे पालन कसे झाले, हे कळवायचे राहून गेले. राग मानू नकोस. कोणताही पदार्थ पूर्ण शिजल्याशिवाय त्याविषयी बोलू नये, हे मी बटाकच्या शाळेत मुलींना स्वयंपाक शिकवताना आयुष्यभर सांगत आले. हाच नियम मी येथेही पाळला. तुझ्या सूचना अशा होत्या: मुलीला आपल्याकडचे गोडधोड पोटभर खाऊ घालावे, आईला त्या आठवड्यात दुसरीकडे ठेवावे, तिचा फोटो वडिलांच्या फोटोशेजारी हार घालून लावावा, आणि मुलीला कोणी काही सांगू नये. कारण टोरांटोत तू लग्नाआधीच आईला मारून टाकले होतेस. चर्चच्या दारात टोपली मांडून केळीच्या पानात भाजलेले गोड तुपिग विकणारी आई बायकोच्या डॉक्टर घराण्यापुढे उभी करण्यापेक्षा पोरका जावई होणे तुला सोयीचे वाटले. दर वर्षी तू तिच्या नावाने चर्चमध्ये मिस्सा करवतोस आणि तुझ्या सासूबाई डोळे पुसत तुझ्या पाठीवर हात ठेवतात, हे मला नंतर ब्रिजिटकडून कळले. तोवर मला वाटत होते की तू नुसता खोटे बोलला आहेस. त्या खोट्यावर तू लोकांची माया मिळवतो आहेस, याची मला कल्पना नव्हती.

तर, सूचना. तुझे म्हणणे मी आईच्या कानावर घातले तेव्हा ती निखाऱ्यांना वारा घालत होती. पंखा न थांबवता म्हणाली, "मेलेल्या आजीच्या हातचं खायला पोर घाबरेल गं. नकोच सांगू तिला." फोटो निवडायला मात्र स्वतः बसली. "हा नको, यात मी फुगलेली दिसते. मेल्यावर तरी बारीक दिसू दे." मग आपली भाजायची जाळी आणि चटई उचलून ती शेजारी मेलेसियोच्या अंगणात राहायला गेली. आईला दुसरीकडे ठेव, एवढेच तू म्हणाला होतास. ते ठिकाण भिंतीपलीकडेच असू नये, असे तू कोठेही म्हटले नव्हतेस. कधी येऊ, असे ब्रिजिटने मला विचारले तेव्हा मी नोव्हेंबरचा आरंभ सुचवला. त्या दिवसांत आपल्याकडे घराघरांत जे शिजते ते एरवी वर्षभर शिजत नाही, हे कारण मी दिले आणि ते अगदी खरे होते.

मुलगी गुणी आहे, क्रिसांतो. तुझ्यावर गेलेली नाही. पहिल्या संध्याकाळी मी तिच्यापुढे तिनुबोंग ठेवले. बांबूचे ते भाजलेले कांडे तिने उलटसुलट करून पाहिले. "आत्या, ही काठी खायची?" मी म्हटले, "काठी उंबऱ्यावर आपटायची, फुटली की आतलं खायचं." तिने इतक्या जोराने आपटले की कोंबड्या ओरडत पळाल्या. आतला भाताचा, नारळाचा गोड लगदा तिने बोटाने निपटून खाल्ला आणि दुसरे कांडे मागितले. पातुपातची झापाची पुडी हातात घेऊन ती शिवण शोधू लागली. मग मला राहवेना. नारळाच्या कोवळ्या पात्या कशा विणायच्या, चिकट तांदूळ पुडीत अर्धाच का भरायचा, उसाच्या उकळत्या रसात तो कसा फुगतो आणि फुगताना पुडी आपली आपण कशी घट्ट होते, हे सारे मी तिला करून दाखवले. ती समोर मांडी घालून बसली होती. म्हणाली, "बाबा म्हणतात, त्यांच्या घरी असलं काही नव्हतं. आजी पियानो वाजवायची." मी पात्या विणत राहिले. कोणी काही सांगू नये, ही सूचना मला पाठ होती.

सर्व संतांच्या दिवशी सकाळी मी मेज मांडले. पितरांच्या आधी कोणी तोंड लावायचे नाही, उष्टे चालत नाही, हे ब्रिजिटला नीट समजावले. तिने ते शिकाऊ डॉक्टरच्या गांभीर्याने ऐकले. आपल्या आजोबांच्या फोटोपुढे पान, वडिलांच्या फोटोपुढे पान, मेणबत्त्या, बासीचे, म्हणजे उसाच्या दारूचे पेले. आईच्या फोटोपुढे मी काहीच ठेवले नाही. कसे ठेवणार? जिवंत माणसाला मृतांचे पान वाढणे म्हणजे त्याला बोलावणे धाडणे, हे बटाकमधले शेंबडे पोरही जाणते. तू मात्र विसरलास. हार घालायला सांगितलास, पण हार घातला की पुढे पान येते, हे तुझ्या ध्यानातून गेले. परदेशात राहून माणूस पहिल्यांदा हेच विसरतो, आणि मी त्याच विसरण्यावर विसंबले होते.

"आत्या, आजीचं पान राहिलं." मी वळले नाही, तांदूळ-नारळाचे घट्ट दुदोल कापत होते. "मी वाढू?" मी तरीही कापत राहिले. तिने ताट घेतले, त्यात दुदोलचा मोठा तुकडा ठेवला, मेणबत्ती पेटवली आणि फोटोकडे निघाली. तेवढ्यात मेलेसियोची बायको दोमिंगा गरम तुपिगची परात घेऊन दारात आली. "अगं ए! ठेव ते खाली! जिवंत बाईला पितरांचं पान वाढतेस? काय सटकलीस काय?" ब्रिजिट गोंधळून म्हणाली, "पण ही माझी आजी आहे." "मग? तुझी आजी माझ्या अंगणात बसून सकाळपासून माझा सगळा कोळसा संपवतेय! आणि हे काय, हार? पानिंग, लाज वाटते का तुला?" मला लाज वाटत नव्हती. मी एक शब्दही बोलले नव्हते.

ब्रिजिट भिंतीला वळसा घालून गेली नाही. भिंतीवरून उडी मारून गेली. आईने करपलेल्या केळीच्या पानातून एक तुपिग सोडवले, फुंकर घातली, आणि जणू रोजच भेटतात अशा थाटात म्हणाली, "कडेचा भाग खा आधी, तो खमंग असतो." मुलीने खाल्ले. मग ती रडली, मग चिडली, मग आणखी खाल्ले. तुला फोन करायला निघाली तेव्हा मी तिला थांबवले. फोनवर माणसाला सारवासारव करायला वाव मिळतो, हे मी तिला शांतपणे पटवून दिले. तिने ऐकले. गेले काही महिने ती तुझ्याशी नेहमीसारखी बोलते आहे, हवापाण्याचे विचारते आहे. त्या काळात तिने आणि मी काय काय केले, याचा तुला सुगावा लागला नाही, याचे श्रेय मी तिला देते.

पाकिटावर तिकीट नाही, हे तुझ्या लक्षात आले असेल. हे पत्र टपालाने आलेले नाही. आज तुझ्या सासऱ्यांचा वाढदिवस आहे आणि तुमच्याकडे सगळे घराणे जेवायला जमले आहे. हा दिवस ब्रिजिटने निवडला, सुचवला मी. ज्या म्हातारीने आत्ता तुझ्या हातात हे पत्र दिले, तिला व्हिसा मिळवून द्यायला तुझ्या लेकीने जिवाचे रान केले आहे. ती तुला काही बोलणार नाही. तिला तुझा राग येत नाही, येतो तो मला. तुझ्या पाठीमागून सासूबाई नक्की विचारतील, "क्रिस, या कोण?" तेव्हा वाचन थांबव, सर्वांदेखत वाक, आईचा हात आपल्या कपाळाला लाव, आणि उत्तर दे. तिला उभे ठेवू नकोस. तिचे गुडघे दुखतात.

हे सारे मनापासून घडवून आणणारी,
तुझीच थोरली बहीण,
पानिंग